परक्या हाताची सवय

कारवानी कुत्र्याला परक्या माणसाने हात लावलेला खपत नाही. हा त्याचा दुर्गुण नव्हे. सोलापूर-सांगलीकडच्या वाड्यावस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या त्याला याच गुणासाठी जपलं गेलं आहे. रात्री वस्तीवर आलेल्या अनोळखी माणसाने चुचकारलं आणि कुत्रं शेपूट हलवत त्याच्यापाशी गेलं, तर ती राखण कसली? आणि डॉग शोचा सगळा डोलारा उभा आहे तो नेमका याच्या उलट गोष्टीवर. तिथे एक सर्वस्वी परका माणूस समोरून चालत येतो, कुत्र्यावर वाकतो, ओठ वर करून दात बघतो, खांदे चाचपतो, फासळ्यांवरून, पाठीवरून, मांड्यांवरून हात फिरवतो. नर असेल तर दोन्ही अंड खाली उतरलेले आहेत ना, हेही हाताने पाहतो. सगळं मिळून मिनिटभराचं काम. त्या मिनिटात कुत्र्याने गुरगुरायचं नाही, अंग चोरायचं नाही, मालकाच्या पायांमागे दडायचं नाही.

पिल्लाचा पहिला शो म्हटलं की लोक शांपूची चौकशी करतात. चकाकी कशाने येते, नखं किती कापायची, पट्टा कुठल्या रंगाचा घ्यायचा. माझ्या हिशेबाने ही तयारी फार तर दोन आठवड्यांची. परक्या हाताची तयारी मात्र पिल्लू घरी आल्या दिवसापासून सुरू होते आणि तिच्यात राहिलेली कसर शेवटच्या आठवड्यात कुठल्याही शांपूने भरून निघत नाही.

शोमध्ये मुळात हात कशाला लावायचा, नुसतं बघून भागत नाही का, असं पुष्कळजण विचारतात. त्याचं उत्तर शोच्या जन्मात आहे. पहिला रीतसर डॉग शो १८५९ च्या जूनमध्ये इंग्लंडात न्यूकॅसलला भरला. त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर, म्हणजे शिकाऱ्याबरोबर रान तुडवणारी कुत्री होती आणि बक्षिसं होती बंदुकांची. (पॉइंटरांचं पहिलं बक्षीस सेटरांच्या परीक्षकाला आणि सेटरांचं पॉइंटरांच्या परीक्षकाला गेलं, असं त्या शोबद्दल सांगतात. स्पर्धांचे काही गुण जन्मजात असतात.) दिवसभर पळणाऱ्या कुत्र्याचा खांदा कसा बसलाय, छाती किती खोल आहे, मांडीत बळ आहे की नुसती केसांची फुगवट, हे हाताला कळतं. बैलबाजारात मुरलेला शेतकरी बैलाच्या अंगावरून हात फिरवतो, दात मोजतो आणि मग चालवून बघतो. शोचा परीक्षक वेगळं काही करत नाही. तिथल्या बोलीत त्याला ‘जज’च म्हणतात, तेव्हा आपणही तसंच म्हणू. जजच्या डोक्यात त्या जातीचं लेखी मानक असतं. शेजारी उभं असलेलं कुत्रं नव्हे, तर ते मानक हा त्याचा मापदंड, निदान नियमाप्रमाणे तरी.

माझी हरणी सांगोल्याच्या बाजूच्या एका वस्तीवर जन्मली. तिचे पालक म्हणजे तात्या, वय सत्तरीच्या पुढचं. घरात तीन पिढ्या कारवानी. कर्नाटकात मुधोळकडे याच कुत्र्याला मुधोळ हाउंड म्हणतात, केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरात त्याचं नाव कॅरॅव्हन हाउंड आहे. टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत मुधोळ हाउंड होता. तात्यांना यातल्या कशाचंच सोयरसुतक नव्हतं. पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय हलवायचं नाही, एवढी अट त्यांनी आपणहून घातली. २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांतही पिल्लाच्या विक्रीला हीच वयाची अट आहे, पण तात्यांचं शास्त्र त्याहून जुनं. मी शोचं बोलले, जज काय काय करतो ते सांगितलं, तेव्हा ते खळखळून हसले. “ताई, परक्याच्या हाताला आलं ते कारवानी कसलं? मग शेरडाचं करडू पाळा की!”

परतीच्या वाटेवर मांडीवर झोपलेल्या पिल्लाकडे बघताना मला पहिल्यांदा भीती वाटली, की तात्यांचं खरं निघालं तर?

अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर गावी जॅक्सन लॅबोरेटरी आहे. तिथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी पाच जातींच्या कुत्र्यांचं वर्तन वर्षानुवर्षं तपासलं आणि १९६५ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्याच प्रयोगशाळेतला १९६१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पिल्लू पाळणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. पिल्लांना उंच कुंपणाच्या आवारात आईजवळ वाढू दिलं, माणसाचा संपर्क येऊ दिला नाही. काही पिल्लांना दुसऱ्या, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि नवव्या आठवड्यात फक्त आठवडाभर आत आणून माणसांत ठेवलं आणि परत सोडलं. काहींना चौदा आठवड्यांपर्यंत आणलंच नाही. ही शेवटची पिल्लं रानटी जनावरासारखी झाली, माणूस दिसला की पळ काढू लागली. पुढे कितीही लाड केले तरी त्यांची भीती पुरती गेली नाही. म्हणजे कुत्र्याच्या मनाचं दार साधारण तिसऱ्या आठवड्याला उघडतं आणि बाराव्या ते चौदाव्या आठवड्याच्या सुमारास लोटलं जातं. पुढे ते उघडत नाही असं नाही, पण मग धक्का द्यावा लागतो.

इथे एक पेच आहे. हेच आठवडे लसीकरणाचे असतात. आईच्या चिकातून पिल्लाला मिळालेली प्रतिकारशक्ती त्याचं रक्षण करते, पण तीच लसीलाही निकामी करते. ती कुठल्या पिल्लात कधी ओसरेल याचा नेम नसतो. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी लस पुन्हा पुन्हा टोचावी लागते. मध्ये गाठायला पार्व्हो टपलेला असतोच. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. साहजिकच घरचे म्हणतात, सगळ्या सुया होईपर्यंत पिल्लाला बाहेर काढू नका. त्यांचं ऐकलं तर ते दार घरातच बंद होतं. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ साली यावर भूमिका घेतली : पहिली लस होऊन आठवडा उलटला की पिल्लाला माणसांत मिसळू द्यावं, लसीकरण पूर्ण होण्याची वाट पाहू नये. अर्थात कुठल्याही कुत्र्याने घाण केलेल्या मातीवर सोडावं असा याचा अर्थ नव्हे. मी हरणीला कडेवर घेऊन हिंडवलं. पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी पायरीवर जुनी चादर अंथरायची, पिल्लाला तिच्यावर ठेवायचं आणि येणारी-जाणारी माणसं दाखवत बसायचं.

माणसं किती तऱ्हेची असतात हे तेव्हा कळलं. पिल्लाच्या नजरेने पाहिलं तर हेल्मेट घातलेला डबेवाला हा मुळी माणूसच नसतो, तो मोठ्या डोक्याचा वेगळाच प्राणी असतो. काठी टेकत येणारे आजोबा तीन पायांचे. छत्री उघडणारी बाई एकदम दुप्पट होते. रेनकोट सळसळतो. दाढी, काळा चष्मा, टोपी, पगडी, नऊवारीचा घोळ, गवंड्याच्या हाताचा सिमेंटचा वास... आम्ही रोज एक तरी नवा माणूस असा नेम केला होता आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करत होतो. सोळाव्या आठवड्यापर्यंत साठाच्या वर खुणा झाल्या. त्यांत टोपी घालणारे थोडे अधिक होते, ते मुद्दाम. उन्हातल्या मैदानावर उभा राहणारा जज बहुधा टोपी घालतोच.

या सगळ्यात खाऊचा क्रम फार महत्त्वाचा आहे. बहुतेकांचं चुकतं ते इथे. आपण काय करतो, पाहुण्याच्या हातात बिस्किट देतो आणि म्हणतो, द्या तिला, ओळख होईल. भित्रं पिल्लू मान लांब करून, मागचे पाय मागेच ठेवून ते बिस्किट पटकावतं आणि भानावर आल्यावर बघतं तर परका माणूस हातभर अंतरावर! पुढच्या खेपेला ते बिस्किटालाच भिऊ लागतं. म्हणून खाऊ परक्याने द्यायचा नाही, मालकाने द्यायचा आणि तोही हात लागून गेल्यानंतर. आधी हात, मग कलेजी. आधी कलेजी आणि मग हात असं झालं की कलेजी ही धोक्याची घंटा ठरते. पावलोव्हच्या कुत्र्याला घंटेने लाळ सुटली, कारण घंटा आधी वाजत होती आणि अन्न मागून येत होतं. क्रम उलटा असता तर त्याला घंटा कळलीही नसती.

हाताच्याही पायऱ्या असतात. पहिल्या आठवड्यात माणसाने नुसतं शेजारी येऊन निघून जायचं. मग हनुवटीखाली एक बोट. डोक्यावरून हात मुळीच आणायचा नाही, वरून येणारी वस्तू कुठल्याच लहान जनावराला आवडत नाही. मग खांदा, मग पाठ, मग पाय. प्रत्येक वेळी स्पर्श श्वासाएवढा आणि लगेच कलेजीचा तुकडा. पिल्लाने अंग चोरलं तर एक पायरी खाली उतरायचं, दटावायचं नाही, कुरवाळायचंही नाही. दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटं, बस. पिल्लू कंटाळायच्या आत आपण थांबायचं. हे मला जमायला पिल्लापेक्षा जास्त दिवस लागले.

माझी मोठी चूक दातांची. कुत्र्याच्या पिल्लाला दुधाचे दात अठ्ठावीस असतात. चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत त्यांच्या जागी बेचाळीस पक्के दात येतात. जज वरचे-खालचे दात कसे जुळतात ते पाहतो. वरचे पुढचे दात खालच्या दातांना अगदी चाटून बाहेरून बसावेत, कात्रीच्या पात्यांसारखे. हे दाखवायचा सराव मी रोज नेमाने करत होते आणि साडेचार महिन्यांच्या हरणीच्या हिरड्या सुजल्यात हे माझ्या गावीही नव्हतं. एके दिवशी मी हात पुढे केला आणि तिने मान वळवली. चार दिवसांत तिने हात दिसताच पलंगाखाली जायला सुरुवात केली. परक्यांचे साठ हात सोसणारी पोर माझ्याच हाताला भ्यायली! पुढचे तीन आठवडे आम्ही दातांचं नाव काढलं नाही. ओठाच्या कडेला बोट टेकवायचं आणि कलेजी द्यायची, एवढंच. दात येण्याच्या काळात तोंड उघडायच्या भानगडीत पडू नका, ओठ किंचित उचलण्यापलीकडे काही करू नका.

उभं राहणं ही दुसरी गोष्ट. आपल्याकडे पिल्लू आणलं की पहिला हुकूम शिकवतात तो ‘सिट’. पाहुण्यांना दाखवायला तो छानच. पण रिंगणात बसलेल्या कुत्र्याचा जजला काही उपयोग नसतो. आणि घरी बसल्यावर खाऊ मिळतो हे ज्याच्या अंगवळणी पडलंय, ते पिल्लू तिथे गोंधळलं की हमखास बसतं. म्हणून आधी उभं राहणं शिकवावं. खाऊ पिल्लाच्या नाकासमोर, नाकाच्याच उंचीवर धरायचा. वर नेला की ते बसतं, खाली नेला की वाकतं. पुढचे पाय खांद्याखाली सरळ, मागचे पाय असे की घोट्यापासून खालचा भाग जमिनीशी काटकोनात. सुरुवातीला हे पाय हाताने ठेवावे लागतात. लहान जातींना टेबलावर उभं करतात, कारवानीसारख्या उंच कुत्र्याची तपासणी जमिनीवर होते. सरावाची जागा घसरडी नको. गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात आणि पिल्लाला उभं राहण्याचीच धास्ती बसते. आम्ही पायपुसणं वापरलं. पुढे तर ते अंथरलं की हरणी आपणहून त्यावर जाऊन पुतळ्यासारखी उभी राहायची आणि माझ्या खिशाकडे बघायची.

चालीसाठी मराठीत घोड्यांकडून आलेला नेमका शब्द आहे, दुडकी. पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम, मग दुसरी जोडी. जजला हीच चाल बघायची असते, कारण सांध्यांतले दोष तिच्यात लपत नाहीत. आपण फार हळू चाललो तर पिल्लू एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकू लागतं, उंटासारखं डुलत. फार जोरात पळालो तर ते चौखूर उधळतं. दोहोंच्या मधला वेग प्रत्येक कुत्र्याचा वेगळा असतो. तो आपल्या पायांना सापडावा लागतो. मोबाइलवर कुणाकडून तरी चित्रीकरण करून घ्या, स्वतःचं धावणं बघून लाज वाटेल पण वेग कळेल. रिंगणात घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात आणि कुत्रं आपल्या डाव्या हाताला असतं, म्हणजे ते मधोमध उभ्या असलेल्या जजच्या बाजूला येतं. जज आणि कुत्रं यांच्यामध्ये आपण येऊ नये. मग सरळ जाऊन परत या किंवा त्रिकोण करा असं सांगतात. हे सगळं पाच-सात मिनिटांच्या सरावाचं काम. वाढत्या पिल्लाला दम लागेपर्यंत पळवू नये, सायकलीबरोबर तर कधीच नाही. मोठ्या कुत्र्यांची हाडं वर्ष-दीड वर्षापर्यंत वाढत असतात आणि हाडांच्या टोकांची वाढती कूर्चा नाजूक असते.

एक गोष्ट कारवानी, पश्मी, रामपूर अशी लांब मानेची कुत्री पाळणाऱ्यांसाठी. यांचं डोकं मानेपेक्षा निमुळतं असतं. पिल्लू दचकून मागे सरलं की साधा पट्टा कानांवरून सुटून हातात येतो आणि कुत्रं रस्त्यावर. यांच्यासाठी ओढ बसली की बेताने आवळणारा रुंद पट्टा मिळतो, तो घ्या. शोची बारीक दोरी फक्त सरावाला आणि रिंगणात वापरा.

बाकीचं थोडक्यात. नखं दर आठवड्याला, अगदी थोडी थोडी कापावीत. काळ्या नखात रक्तवाहिनी दिसत नाही, एकदा रक्त काढलंत की पुढचे चार महिने तुमच्या हातातली कात्री बघून पिल्लू घर डोक्यावर घेईल. आंघोळ शोच्या दोन-तीन दिवस आधी, म्हणजे केसांना मूळची तुकतुकी परत येते. कारवानीला रबरी हातमोज्याने चोळलं तरी पुरतं. कागदांना मात्र वेळ लागतो. केनेल क्लबची नोंदणी, तुमच्या नावावर मालकी आणि मायक्रोचिपचा नंबर हे सगळं प्रवेशिकेच्या मुदतीआधी हातात हवं. वयाचे गट शोच्या पत्रकात दिलेले असतात.  पिल्लू स्पर्धेत उतरवण्याची घाई नको, आधी एकदा एकट्याने जाऊन एखादा शो बघून या. पिल्लू घरी ठेवा आणि डोळे जजच्या हातांवर ठेवा.

प्रवासाचीही सवय लागते. पहिल्या दोन फेऱ्यांत हरणीने गाडीत ओकाऱ्या काढल्या. मग नुसतं बंद गाडीत बसणं, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग कात्रजपर्यंत असं वाढवत नेलं. शोच्या सकाळी पोटभर खायला घातलं नाही, पाणी घरचंच नेलं. आपल्याकडचे शो बहुधा थंडीत असले तरी अकरा वाजता मैदान तापतं आणि कुत्र्याला घाम येऊन अंग निवत नाही, ते धापा टाकूनच निवतं. म्हणून सावलीची जागा आधी धरली.

हरणी तेव्हा सात महिन्यांची होती. लाउडस्पीकर, शंभरेक कुत्र्यांचं भुंकणं, शेजारी एक मास्टिफ घोरत पडलेला. ती माझ्या पायाला टेकून होती पण खात होती. हे चांगलं लक्षण. घाबरलेलं कुत्रं खाऊला तोंड लावत नाही. माझेच हात थंड पडले होते आणि ते दोरीतून तिला कळत होतं. आमचा नंबर पुकारला. जज उंच, जाडजूड, टोपीवाले. त्यांनी फक्त वय विचारलं. तेवढंच सांगायचं असतं, कौतुक करायचं नसतं. त्यांनी हनुवटीखाली हात धरला. हरणीचे कान मागे गेले, पाठ अर्धा इंच खचली. मला वाटलं, बसली. ती बसली नाही. त्यांनी ओठ वर केला, दात पाहिले, खांद्यावरून, फासळ्यांवरून हात मागे नेला. ती जागेवरच उभी राहिली, नजर माझ्या खिशावर. त्रिकोणात दुसऱ्या वळणावर ती उधळली आणि आम्ही तिसरी बाजू चौखूर पार केली.

आमच्या गटात दोनच पिल्लं होती. हरणी दुसरी आली.

संध्याकाळी तात्यांना फोन केला. सगळं सांगितलं. टोपीवाला, दात, फासळ्या, दुडकी. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “परक्यानं तोंडात हात घातला, आन्‌ पोरीनं चावलं न्हाई?”

“नाही, तात्या.”

“मग ताई, राखणीला दुसरं न्या.”